हिवाळ्यात न तापणारे इंजिन : निफाडच्या एका पेट्रोल गाडीचे प्रकरण

इंजिन गरम होते ही तक्रार आपल्याकडच्या प्रत्येक गॅरेजला तोंडपाठ आहे. इंजिन पुरेसे तापतच नाही ही तक्रार क्वचित येते, आणि आली तरी त्या शब्दांत येत नाही. ‘ॲव्हरेज पडले’, ‘सकाळी पिकअप नाही’, ‘चेक इंजिनचा दिवा विझत नाही’ अशा निरनिराळ्या नावांनी ती येते, आणि त्या नावांमागे धावत गेले की प्लग, इंजेक्टर, सेन्सर असा खर्च वाढत जातो. येथे मांडलेली गाडी अशीच आली होती : १.२ लीटरची, चार सिलिंडरची, बीएस-४ पेट्रोल हॅचबॅक, सुमारे ८६ हजार किलोमीटर चाललेली. मालक निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. रोजचे जाणे-येणे निफाड ते नाशिक, एका बाजूला सुमारे ४० किलोमीटर.

महिना जानेवारीचा होता. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पहाटेचा पारा किती उतरला याची बातमी दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात असते, कारण थंडीचा थेट संबंध द्राक्षाच्या मण्याशी असतो. त्यामुळे ‘एवढ्या गारठ्यात इंजिन थंड राहणारच’ हे स्पष्टीकरण मालकांना पटलेले होते, आणि त्यांना आधी भेटलेल्या दोन्ही मेकॅनिकनाही. पण हवा ८ अंशांवर असो की ४२ अंशांवर, पाण्याने थंड होणाऱ्या निरोगी इंजिनाचे तापमान १०-१५ किलोमीटर चालल्यानंतर साधारण त्याच पट्ट्यात, म्हणजे ८० ते ९५ अंशांत यायला हवे. युरोपात उणे १० अंशांत धावणाऱ्या गाडीचे इंजिनही तेथेच स्थिरावते. बाहेरच्या थंडीने इंजिन तापायला लागणारा वेळ वाढतो. ते कोठे स्थिरावणार हे ठरवण्याचे काम थंडीचे नाही, थर्मोस्टॅटचे, म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडे जाणारी पाण्याची वाट तापमानानुसार उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपेचे आहे.

गाडी आली तेव्हाची स्थिती

मालकांनी सांगितलेली लक्षणे अशी होती. पावसाळ्यापर्यंत लीटरला १७ किलोमीटरच्या आसपास असलेले ॲव्हरेज डिसेंबरपासून १३ वर आले होते. सकाळी काचेवरचे धुके घालवण्यासाठी हीटर लावला की कोमट हवा येई, आणि गाडी नाशिकला पोहोचेपर्यंत ती कोमटच राही. चेक इंजिनचा दिवा लागलेला होता. एका गॅरेजने स्कॅनर (गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड आणि सेन्सरचे आकडे वाचणारे यंत्र) लावून कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, तापमानाचा सेन्सर बदलला होता, पण दिवा काही दिवसांतच पुन्हा लागला. दुसऱ्या एका गॅरेजात तेल भरायचे झाकण उघडल्यावर त्याच्या आतल्या बाजूला पांढरट-पिवळा, लोण्यासारखा थर दिसला, आणि ‘हेड गॅस्केट गेले, पाणी तेलात उतरते आहे’ असा, म्हणजे सिलिंडर आणि त्यांच्यावरचे हेड यांमधले सील फुटल्याचा, निष्कर्ष काढून हेड उतरवण्याचे अंदाजपत्रक हातात देण्यात आले. या अंदाजपत्रकामुळेच गाडी तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे आमच्याकडे आली.

या गाडीच्या डॅशबोर्डवर तापमानाचा काटा नाही. इंजिन थंड असेपर्यंत जळणारा निळा दिवा आणि अति तापल्यावर लागणारा लाल दिवा, एवढीच सोय आहे. मधल्या मोठ्या पट्ट्यात इंजिन कोठे आहे हे चालकाला कळण्याचा मार्गच नाही, आणि काटा काढून दिवे देण्याचा हा काटकसरी पायंडा मला कधीच पटलेला नाही. तरीही त्या निळ्या दिव्यानेच पहिला उपयोगी पुरावा दिला. आम्ही विचारले, ‘निळा दिवा एकदा विझल्यावर प्रवासात पुन्हा कधी लागतो का?’ मालक म्हणाले, ‘हो, मुंबईला जाताना कसारा घाट उतरताना लागतो. खाली सपाटीला लागलो की थोड्या वेळाने जातो. मला वाटलं वायरिंगचं काही असेल.’

हे उत्तर मिळाल्यावर निम्मे निदान झाल्यासारखेच होते. घाट उतरताना गाडी गिअरमध्ये असते आणि पाय ॲक्सिलरेटरवर नसतो. अशा वेळी इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद ठेवतो. पेट्रोल जळत नाही, म्हणजे उष्णता तयार होत नाही. पाण्याचा पंप मात्र फिरत असतो आणि समोरून थंड वारा रेडिएटरवर आदळत असतो. थर्मोस्टॅट जागेवर असेल तर पाण्याचे तापमान जरा खाली येताच तो रेडिएटरची वाट बंद करतो आणि इंजिनातली ऊब इंजिनातच फिरत राहते. ती वाट बंदच होत नसेल तर उतरणभर सगळे पाणी रेडिएटरमधून जाते आणि गरम झालेले इंजिन चालता चालता थंड होते.

संशयित आणि तपासणी

स्कॅनरवर पी-०१२८ हा कोड होता. त्याचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुष्कळ ठिकाणी तो ‘थर्मोस्टॅट खराब’ असा वाचला जातो, तर काही ठिकाणी ‘सेन्सर खराब’ असा. कोड यांपैकी काहीच म्हणत नाही. सुरुवातीचे तापमान, आत गेलेली हवा, गाडीचा वेग आणि गेलेला वेळ यांवरून नियंत्रक एक हिशेब मांडतो की एव्हाना पाणी इतके तापायला हवे होते. सेन्सरचा आकडा त्या हिशेबाच्या मागे राहिला की हा कोड नोंदवला जातो. सेन्सरचे सर्किट तुटले किंवा शॉर्ट झाले तर त्याचे कोड वेगळे असतात, पी-०११७ आणि पी-०११८, आणि तुटलेल्या सर्किटमध्ये स्कॅनरवर सहसा उणे ४० अंश दिसतात. येथे तसे काही नव्हते. म्हणजे पहिल्या गॅरेजात सेन्सर बदलण्याला कोडचा आधार नव्हता.

इंजिनाचे तापमान कमी दिसण्याची कारणे मोजकीच आहेत : सेन्सर चुकीचे सांगतो आहे, कूलंट कमी असल्यामुळे सेन्सर हवेत राहतो आहे, रेडिएटरचा पंखा सतत फिरतो आहे, किंवा थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे अथवा जागेवरच नाही. कूलंटची पातळी टाकीच्या दोन्ही खुणांच्या मध्ये होती आणि रेडिएटर काठोकाठ भरलेला होता. पाण्याचा रंग मात्र हिरवा किंवा गुलाबी नव्हता, तो गढूळ तांबूस होता. पंखा बंद होता. शिवाय पंखा सतत फिरत असता तरी हायवेवर ८० च्या वेगाला समोरून येणाऱ्या वाऱ्यापुढे त्याचा फारसा फरक पडला नसता. त्यामुळे ही दोन कारणे लगेच बाजूला पडली.

सेन्सरसाठी गाडी रात्रभर उघड्यावर ठेवली. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी केवळ चावी फिरवून आकडे पाहिले : बाहेरचा तापमापक ९ अंश, आत येणाऱ्या हवेचा सेन्सर १०, कूलंटचा सेन्सर १०. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत हे तिन्ही आकडे जुळले पाहिजेत, आणि ते जुळले. वरच्या टोकाची खात्री इन्फ्रारेड थर्मामीटरने केली. येथे एक सावधगिरी सांगायला हवी : चकचकीत ॲल्युमिनियमवर ही बंदूक धरली तर ती बऱ्याच कमी तापमानाचा आकडा दाखवते. सेन्सरजवळच्या भागावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर नेम धरल्यावर स्कॅनर ६२ अंश सांगत असताना बंदुकीने ६० दाखवले. सेन्सर खरे बोलत होता. इंजिन खरोखरच थंड होते.

यानंतरची तपासणी सर्वात साधी आणि सर्वात बोलकी ठरली. गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन चालू ठेवले. या इंजिनात थर्मोस्टॅट हेडमधून पाणी बाहेर पडते त्या तोंडाशी बसतो, म्हणजे पाणी ८० अंशांच्या पुढे जाईपर्यंत रेडिएटरकडे जाणारा वरचा होज पाइप गार लागायला हवा आणि मग एकाएकी चटका बसेल इतका तापायला हवा. येथे इंजिन सुरू झाल्यापासून थोड्याच वेळात वरचा पाइप हाताला कोमट लागू लागला आणि स्कॅनरवर ३५ अंश असताना रेडिएटरची वरची टाकीही कोमट झाली होती. इंजिन तापत होते ते सगळ्या रेडिएटरला सोबत घेऊन. तरीही उभ्या गाडीत वारा नसल्याने आकडा हळूहळू चढत २० मिनिटांनी ७८ वर गेला. मग गाडी चांदोरीच्या रस्त्याला काढली. ताशी ७०-८० च्या वेगाला पाच-सहा मिनिटांत आकडा ५६ वर आला आणि ५४ ते ५८ च्या मध्ये रेंगाळत राहिला. गाव लागून वेग कमी झाला की ६५ च्या पुढे, रस्ता मोकळा झाला की पुन्हा खाली.

गाडी उभी आहे की धावते आहे हे बिघडलेल्या सेन्सरला कळत नाही. वाऱ्याबरोबर वरखाली होणारा आकडा रेडिएटरची वाट उघडी असल्याचेच सांगतो. मालकांनी स्वतःही नकळत हाच प्रयोग केलेला होता. कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी काही दिवस जाळीमागे पुठ्ठा लावला होता, आणि तेवढे दिवस हीटर बरा चालला होता. उत्तरेकडे थंडीत ट्रकच्या तोंडावर गोणपाट बांधतात त्यातलाच हा उपाय. तो निदानाला पुरावा म्हणून चांगला आहे, पण दुरुस्ती म्हणून घातक, कारण दुपारी ऊन वाढल्यावर पुठ्ठा आपण होऊन बाजूला होत नाही.

झाकणाखालचा लोण्यासारखा थर

हेड गॅस्केटचा संशय दूर केल्याशिवाय पुढे जाणे योग्य नव्हते, कारण मालकांच्या मनात तीच भीती होती आणि लक्षण तर डोळ्यांना दिसत होते. प्रेशर टेस्टर लावून कूलिंग सिस्टिमला १ बारचा दाब दिला. अर्ध्या तासात काटा हलला नाही. कूलंटच्या टाकीच्या तोंडावर रासायनिक द्रवाची नळी धरून चालू इंजिनाची वाफ त्यातून ओढली. जळलेल्या वायूचा अंश असता तर निळा द्रव पिवळा झाला असता, तो निळाच राहिला. डिपस्टिकवरचे तेल काळसर पण स्वच्छ होते, त्यात दुधाळपणा नव्हता. थर होता तो केवळ झाकणाला आणि त्याखालच्या नळीला.

मग ते पाणी आले कोठून? एक लीटर पेट्रोल जळले की साधारण एक लीटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. त्यातले बहुतेक सायलेन्सरवाटे जाते, पण थोडी वाफ पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली तेलाच्या भागात उतरतेच. इंजिन ९० अंशांना चालत असेल तर तेल तापून ती वाफ पुन्हा उडते आणि श्वासनळीवाटे (ब्रीदर पाइपमधून) इंजिनात ओढली जाऊन जळून जाते. इंजिन ५५ अंशांवर रेंगाळत असेल तर तेल कधी पुरेसे तापत नाही. वाफ सर्वात गार पत्र्यावर, म्हणजे झाकणावर थिजते आणि तेलाशी घुसळली जाऊन लोणी होते. पाण्याबरोबर न जळलेले पेट्रोलही तेलात उतरते, कारण थंड सिलिंडरच्या भिंतीवर पेट्रोलचे थेंब साचतात आणि तेथला तेलाचा पातळ पापुद्रा धुऊन नेतात. थंड इंजिनाचा खरा तोटा ॲव्हरेजमध्ये नसून येथे आहे. रिंगा आणि सिलिंडर यांची झीज कोणत्याही दिव्यावर दिसत नाही.

ॲव्हरेजचा हिशेब मात्र सरळ होता. इंजिन अजून तापलेले नाही असे समजून नियंत्रक जास्त पेट्रोल देत होता आणि स्लो स्पीड (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) मिनिटाला ७५० ऐवजी ९५० फेऱ्यांच्या आसपास ठेवत होता. त्यात थंड, घट्ट तेलाचा अडसर.

उघडल्यावर

थर्मोस्टॅटचे घर दोन बोल्टवर असते. १० नंबरच्या पान्याने ते सोडवले तेव्हा सांध्यातून लाल सिलिकॉनचा जाड ओघळ बाहेर आलेला दिसला. कंपनीच्या जुळणीत तेथे रबराची कडी असते, सिलिकॉन नसते. झाकण निघाले आणि आत थर्मोस्टॅट नव्हताच. त्याची चकती बसण्याची खाच रिकामी होती, तिच्यावर पांढऱ्या क्षाराचे पुटे चढलेले होते, म्हणजे हा प्रकार अलीकडचा नव्हता.

हे पाहून मदतनिसाने नवा थर्मोस्टॅट मागवण्यासाठी फोन हातात घेतला, आणि अशा ठिकाणी बहुतेक दुरुस्त्या येथेच संपतात. पण भाग झिजून जाणे वेगळे आणि कोणीतरी काढून टाकणे वेगळे. थर्मोस्टॅट कोणी उगाच काढत नाही. गाडी हीट मारत असते म्हणून काढतात. ती कशाने तापत होती हे शोधल्याविना नवा बसवला असता तर हिवाळ्याची तक्रार मिटून उन्हाळ्याची पुन्हा उभी राहिली असती, आणि तेव्हा मालकांनी आम्हालाच जबाबदार धरले असते, तेही रास्तपणे.

मालकांना विचारले तेव्हा त्यांना आठवले की आदल्या मे महिन्यात नाशिकला द्वारका चौकाच्या कोंडीत एसी चालू असताना लाल दिवा लागला होता. रस्त्यावरच्या एका मेकॅनिकने ‘भाऊ, व्हॉल काढून टाकतो, आपल्याकडच्या उन्हात त्याची गरज नसते’ असे म्हणून काम केले होते, आणि त्यानंतर गाडी तापली नव्हती. हा ‘व्हॉल’ म्हणजेच थर्मोस्टॅट. पावसाळा आणि ऑक्टोबर तसेच निघून गेले, आणि थंडी पडल्यावर उणीव उघडी पडली. हा समज इतका पसरलेला आहे की त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. बऱ्याच थर्मोस्टॅटना खाली दुसरी एक चकती असते. वरचा व्हॉल्व्ह उघडला की ही चकती बायपासचे, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी थेट इंजिनात परतवणाऱ्या वाटेचे, भोक झाकते, म्हणजे तापलेले सगळे पाणी रेडिएटरकडे जाते. थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायम उघडा राहतो आणि पाण्याचा काही वाटा रेडिएटरला न शिवताच इंजिनात परततो. हायवेवर अशी गाडी गरजेपेक्षा थंड राहते, पण ऐन उन्हाळ्यात घाट चढताना उलट लवकर तापू शकते. ज्या उन्हासाठी व्हॉल काढला, त्याच उन्हात तो हवा असतो.

आता मे महिन्यातला बिघाड शोधायचा होता. एसी चालू केला. या गाडीत एसीबरोबर पंखा कमी वेगाने फिरायला हवा, तो हललाही नाही. रेडिएटरच्या जाळीसमोर पुठ्ठा धरून इंजिन मुद्दाम तापवले, तेव्हा १०० अंशांच्या पुढे गेल्यावर पंखा एकदम पूर्ण वेगाने सुरू झाला. म्हणजे मोटर ठीक, रिले ठीक, पण पंख्याला कमी वेग देणारा रेझिस्टर (विजेचा रोधक) जळलेला. मल्टिमीटरने तेथे उघडे, म्हणजे तुटलेले सर्किट दाखवले. हा रेझिस्टर पंख्याच्या चौकटीवर वाऱ्यात बसवलेला असतो आणि चिखल-पाण्याने गंजून तुटतो. हायवेवर त्याची उणीव जाणवत नाही. कोंडीत एसी लावून उभे राहिल्यावरच ती दिसते. त्यात एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत धूळ आणि पिसांसारखा कचरा दाटलेला होता, आणि आत बोअरचे जड पाणी वारंवार भरल्यामुळे क्षार साचले होते.

दुरुस्ती आणि पडताळणी

रेझिस्टर बदलला. कंडेन्सर पुढे सरकवून मधला कचरा काढला आणि रेडिएटर इंजिनाच्या बाजूने बाहेर अशा उलट दिशेने, बेताच्या दाबाने धुतला. गढूळ पाणी सोडून सिस्टिम स्वच्छ पाणी निघेपर्यंत फ्लश केली. आपल्याकडे पाणी गोठण्याचा प्रश्न नाही म्हणून कूलंट नको असे अनेकजण म्हणतात, पण कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये आणि वाढलेला उत्कलनबिंदू यांची गरज नाशिकला लडाखइतकीच आहे. म्हणून ते डिस्टिल्ड पाण्यात निम्मे-निम्मे मिसळून भरले. तेलात पेट्रोल उतरलेले असणार हे धरून इंजिन ऑइल आणि फिल्टरही बदलले.

नवा थर्मोस्टॅट ८२ अंशांचा होता. आकडा त्याच्या कडेवर कोरलेला असतो. नवा भागही बसवण्यापूर्वी तपासून घेणे चांगले. त्याच्या बंद तोंडात दोऱ्याचे टोक अडकवून तो पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत ठेवला, बाजूला तापमापक धरला आणि गॅस मंद केला. ८१-८२ अंशांना तोंड किलकिले झाले आणि थर्मोस्टॅट दोऱ्यावरून सुटून तळाशी पडला. ९५ च्या सुमारास तो पूर्ण उघडलेला दिसला. बसवताना चकतीवरची हलती पिन वरच्या बाजूला ठेवली, कारण भरताना अडकलेली हवा तिच्याजवळून निघते. सिलिकॉन खरवडून काढले आणि रबराची नवी कडी घातली. नंतर गाडीचे तोंड चढावर ठेवून, हीटर पूर्ण गरमवर लावून, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच रस्त्याला गाडी नेली. पहाटे बाहेर १० अंश होते. साधारण सहा किलोमीटरवर आकडा ८० ला पोहोचला, आणि पुढे वेग ४० असो वा ८०, तो ८४ ते ८९ च्या मध्ये राहिला. उभ्या गाडीत एसी लावल्यावर पंखा कमी वेगाने सुरू झाला. कोड पुसला, तो परत आला नाही. पुढच्या काही टाक्यांत ॲव्हरेज साडेसोळाच्या वर आले. झाकणावरचा थर पुसून ठेवला होता; महिन्याभराने झाकण उघडले तेव्हा आत केवळ तेलाचा ओलावा होता. एकूण खर्च हेड उतरवण्याच्या त्या अंदाजपत्रकाच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतही गेला नाही.

ही पद्धत दुसऱ्या गाड्यांना जशीच्या तशी लावताना दोन गोष्टी पाहाव्यात. पुष्कळ नव्या इंजिनांत थर्मोस्टॅट पाणी आत येण्याच्या बाजूला असतो. तेथे वरचा पाइप लवकर कोमट होणे हा दोष नाही, खालचा पाइप केव्हा तापतो ते पाहावे लागते. दुसरे म्हणजे, डिझेल इंजिन नुसते उभे ठेवून चालवल्यास थंडीत फार हळू तापते, कारण त्या अवस्थेत ते इंधनच अत्यल्प जाळते. त्याची परीक्षा रस्त्यावर, भार देऊनच घ्यावी.

मे महिन्याची परीक्षा बाकी होती. ती झाली तेव्हा दुपारी द्वारका चौकात एसी चालू असताना आकडा ९७ पर्यंत गेला, पंख्याचा वेग वाढला आणि तो ९१ वर आला. घरी परतताना मालकांनी त्या जुन्या व्हॉलची चौकशी केली. तो रस्त्यावरच्या त्या मेकॅनिकने तेव्हाच भंगारात टाकला होता.